टोपलीने आणलेलं शेत

मी लग्न होऊन या घरी आले तेव्हा माझ्या थोरल्या जावेने आधी गाडीच्या बैलांचं शेण उचललं आणि मग माझं तोंड पाहिलं. दारात बायका ओवाळायला ताट घेऊन उभ्या, मी नवं लुगडं सावरत एक पाय गाडीतून खाली टाकलेला, आणि ही बाई पदर खोचून बैलांच्या मागे वाकलेली. "थांब गं पोरी, पाय नको देऊस, वाया जाईल," म्हणाली. मला वाटलं, लुगड्याची काळजी करते आहे. तिला काळजी शेणाची होती.

गावाने तिला शेनबाय असं नाव ठेवलं होतं. मी नुसतं बाय म्हणायची. चालताना तिची नजर कायम खाली असे, रस्त्यावर. ओळखीचं माणूस समोरून आलं तरी त्याला हाक मारावी लागे, पण गाडी कुठल्या बाजूने गेली आणि बैल कुठे थांबले हे तिला लांबून कळे. शेजारणी म्हणत, "शेनबाय देवळात गेली तरी देवाआधी नंदीच्या मागं बघते." हे तिच्या तोंडावर म्हणत आणि तीही हसे. दगडाचा नंदी काही कामाचा नाही, एवढं मात्र ती न चुकता सांगे.

माझं माहेर कर्जतच्या बाजारपेठेला लागून. वडिलांचं स्टेशनाजवळ चहाचं दुकान. तिथून मी खालापूरच्या बाजूच्या या डोंगराखालच्या गावात आले, ते नाक मुरडतच. चुलीतली राख, केरातली धूळ, तांदळाचं धुवण, मोरीचं पाणी, सगळं घरामागच्या खड्ड्यात गेलं पाहिजे हा बायचा कायदा. "घरातनं नुसतं मानूस भायेर जावं, बाकी काय जाऊ नये," असं ती म्हणे. पहिल्याच हिवाळ्यात मी हौसेने गोवऱ्या थापल्या आणि भिंतीवर ओळीने लावल्या. माझ्या हाताची ठेवण चांगली होती, कौतुकाची वाट पाहत होते. बायने एकेक गोवरी काढली, ओली होती ती कुस्करली आणि खड्ड्यात टाकली. रागावली नाही. "चुलीला लाकूड चालतं गं. भाताला लाकूड नाय पचत," म्हणाली, आणि माझ्या हातावर पाणी घातलं.

हे वेड समजायला मला शेत पाहावं लागलं. शेत आमचं नव्हतं, कर्जतच्या एका मालकाचं होतं. बाय लग्न होऊन आली तेव्हा तो नुसता मुरमाचा उतार होता. कुणी घेईना म्हणून आमच्या घराला मिळालेला. माझे भावजी, म्हणजे तिचे यजमान, दम्याने अर्धे. दोघांनी दगड रचून बांध घातले आणि मग बायने माती आणायला सुरुवात केली. खाली ओढा होता. उन्हाळ्यात तो आटला की त्याच्या डोहांच्या तळाशी काळा गाळ सापडे. तो खणायचा, टोपलीत भरायचा आणि डोक्यावरून चढ चढून वर आणून टाकायचा. दर उन्हाळ्यात हेच. चुंबळ ठेवून ठेवून तिच्या टाळूवरचे केस गेले होते, तिथे तळहाताएवढी जागा गुळगुळीत होती. भावजी कधी थट्टेच्या लहरीत असले तर म्हणत, "लोक शेत कसतात. आमी उचलून आनलं."

लेकीच्या लग्नातही तिने संधी सोडली नव्हती. लेक शेलूला दिली. वऱ्हाडाच्या गाड्या आल्या तेव्हा व्याह्यांच्या बैलांना सावलीत बांधायचं सोडून बायने ते आमच्या शेतात नेऊन बांधायला लावले. व्याही फुगून बसले. त्यांची समजूत काढता काढता भावजींना धाप लागली. दुसऱ्या दिवशी लेक रडत गाडीत बसली, बायही रडली, डोळे पुसले आणि टोपली घेऊन शेतात गेली. मला हे नंतर ऐकून माहीत. ऐकताना मी पोट धरून हसले होते. आता तसं हसू येत नाही.

मालकाचा एकच शब्द होता. कागद नव्हता, काही नव्हतं. शेत पिकतं ठेवा आणि कसत राहा. ज्या वर्षी पड राहील त्या वर्षी मी दुसऱ्याला देईन. मुरमाचा उतार होता तोवर हा शब्द कुणाला आठवतही नसे. माती वर आली, भात कमरेला लागू लागला, तशी तो शब्द आठवणारी माणसं गावात वाढली. बायला ते ठाऊक होतं. म्हणून ती इतकी वाकून चालायची, असं मला आता वाटतं.

भाताचं सगळं रोपावर असतं, आणि आमच्या भागात रोप राबावर. हिवाळ्यात ऐनाच्या फांद्या छाटायच्या, त्याला टहाळ म्हणतात. तो वाळवायचा. रोपाच्या जागेवर खाली शेण, वर टहाळ, वर पालापाचोळा, गवत, शेवटी मातीचा पातळ थर, आणि चैत्र-वैशाखात ते हळूहळू भाजायचं, हाच राब. माती भाजली की तणाचं बी मरतं आणि राखेवर रोप काळंभोर येतं. बायचा राब विझला की ती थंड राखेची चिमूट जिभेला लावी. खारी लागली की तिच्या तोंडावर असं काही समाधान पसरे की मी तिला म्हणायची, "बाय, लाडू खाल्लात काय?" ती म्हणे, "ह्येच लाडू, पोरी. दिवाळीत बघ."

मग लढाईचे दिवस आले. पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशावर चालू लागल्या, मुंबईला कोळसा हवा झाला. आमच्या मालकाने उतारावरची आणि बांधावरची झाडं कोळसेवाल्याला दिली. हिवाळ्यात टहाळ छाटायची वेळ आली तेव्हा कुऱ्हाडी आमच्या नव्हत्या. ऐनाची झाडं बुंध्यापासून गेली. भट्ट्यांचा धूर गावावर उतरून राहायचा. बाय बांधावर उभी राहून बघत होती. मला म्हणाली, "झाडं त्याची, आमी नाय म्हनत नाय. पर टहाळ आमचा हुता. त्याचं काय?" हे तिने मला विचारलं. मालकाला कोण विचारणार?

त्याच साली गुरांत रोग आला. आमची म्हैस गेली, गाय गेली. बैल तेवढे वाचले, पण असे की बरगड्या मोजून घ्याव्यात. शेणाच्या खड्ड्याकडे बघवेना. सगळ्या गावाची हीच गत. बायका पहाटे उठून पालापाचोळा झाडायला डोंगरात जात आणि एकमेकींच्या आधी पोचायला धावत. एकदा बाय आणि शेजारची धाकूबाई टोपलीभर पानांवरून अशा भांडल्या की एकमेकींचे पदर फाटले. जन्मभर एका पाट्यावर वाटण वाटलेल्या दोघी. बाय घरी आली. टोपली तिच्याकडेच राहिली होती. "पानं माझी हुती गं," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिला पाणी दिलं, तिने घेतलं नाही.

शेवटी तिने गोठ्याचं जुनं छप्पर उतरवलं. काळं पडलेलं, कुजकं पेंढ्याचं छप्पर. जनावरं उघड्यावर बांधली आणि ते छप्पर राबावर घातलं. त्याने रोपाच्या जागेचा एक कोपरा भाजून झाला. एकच कोपरा. उरलेली जागा समोर कोरी पडलेली, आणि वैशाख सरत आलेला.

तेव्हाच माझ्या माहेरी काही कार्य निघालं, म्हणून आम्ही दोघी कर्जतला गेलो. स्टेशनापाशी बाय एकदम थांबली. रुळांच्या कडेला, जिथे इंजिनं आपली राख झाडतात तिथे, राखेचे ढीग पडले होते. "पोरी, केवढी राख!" तिचा आवाज बारीक झाला. "आनि कोनाचीच नाय!" मला तेव्हा तिचं तोंड दिसलं. किती दिवसांनी त्या तोंडावर काही उगवलं होतं. ती खाली बसली, चिमूट घेतली, जिभेला लावली. मी विचारलं, "खारी आहे?" ती उठली आणि म्हणाली, "राख ती राख. उद्या टोपल्या घिऊन येऊ."

माझे यजमान भिवपुरीच्या वीजघरात कामाला होते, रविवारी घरी येत. ते म्हणाले, "वयनी, ती दगडी कोळशाची राख, ती घालतात का कुठं?" बाय त्यांच्यावर खेकसली. "तुज्या वीजघरातनं डोंगराचं पानी खाली सुटतं नि नदीनं निघून जातं, आमच्या बांधाला थेंब लागत नाय, ते कोनी विचारलं तुला?" तिच्या बोलण्याला तसा काही ताळमेळ नव्हता. तिला फक्त नाही हा शब्द ऐकायचा नव्हता. आम्ही दोघींनी दिवसच्या दिवस ती राख वाहिली. अंगावर पडली की खाजायची, दातात कचकच यायची. वाटेतली माणसं हसायची. त्यांना बाय म्हणायची, "हसा रं. आनायला तुमीबी येनार हायसा." कोऱ्या जागेवर तिने ती राख जाड पसरली, हातांनी सारखी केली आणि पाऊस पडल्यावर घरात जपून ठेवलेलं सगळं बियाणं तिथे पेरलं.

रोप उगवलं. पेंढ्याच्या कोपऱ्यात ते हिरवंगार उठलं. इंजिनाच्या राखेवर उठलं तेही पहिल्यांदा हिरवंच होतं, आणि बायने मला हात धरून दाखवायला नेलं. मग ते थांबलं. शेंडे पिवळे पडले, मग तांबूस, मग करपले. न भाजलेल्या मातीतलं तण मात्र जोरात वर आलं. बाय पावसात उकिडवी बसून तण उपटत राहायची, आणि तणाबरोबर रोपही सुटून हातात यायचं, कारण त्याला मुळं अशी नव्हतीच. एका दुपारी मी तिला जेवायला हाक मारायला गेले तर ती उपटलेलं रोप तळहातावर घेऊन बसली होती.

"ही झाडाची राख नाय पोरी," ती म्हणाली. "ही दगडाची. दगडाच्या पोटात काय असनार?"

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं बाय?"

"जिभेला ठाऊक हुतं. चव नव्हती तिला. माज्या जिभेनं सांगितलं मला, मीच ऐकलं नाय."

मी तिच्या शेजारी चिखलात बसले. दोघीही जेवलो नाही त्या दिवशी.

आमच्याकडे रोप मागत नाहीत. मागणं वाईट समजतात. ज्याची लावणी उरकते तो उरलेल्या रोपाच्या मुठी बांधावर ठेवून देतो, ज्याला कमी पडलं त्याने मुकाट्याने न्याव्यात. एरवी श्रावण लागायच्या आत बांधाबांधावर मुठी पडलेल्या असत. त्या साली कुणाच्याच बांधावर काही नव्हतं. सगळ्यांचेच राब उपाशी. बाय रोज संध्याकाळी बांध बघून यायची. रिकाम्या हाताने परत यायची आणि म्हणायची, "उद्या ठेवतील."

मग तिने ती रीतही मोडली. घरोघर गेली. "तुमची लावनी करते. दाम नको, जेवान नको, मुठी द्या," म्हणाली. मीही तिच्याबरोबर जायची. दिवसभर लोकांच्या खाचरात वाकायचं आणि संध्याकाळी मिळतील त्या दोन-चार मुठी घेऊन आपल्या चिखलात लावायच्या. धाकूबाईकडेही गेलो. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. संध्याकाळी धाकूबाईने आपल्याच लावणीसाठी ठेवलेल्या मुठी उचलल्या आणि बायच्या टोपलीत टाकल्या. "माजंबी समदं शेत नाय लागलं," एवढंच म्हणाली. बाय रस्ताभर रडत आली. त्या मुठी कुणाच्या कुठल्या जातीच्या, काही कोवळ्या, काही वय उलटलेल्या. तरीही अर्धं शेत उरलंच. त्यावर पाणी साचून राहिलं आणि मग आभाळानेही पाठ फिरवली.

दिवाळीनंतर मालक आला. छत्री टेकत बांधावर उभा राहिला. वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्याने बायला बसा म्हटलं, तब्येत विचारली. मग म्हणाला, "बाई, बोलणं ठरलेलं होतं. अर्धं शेत पड राहिलं. मला पुढच्या सालासाठी माणूस मिळाला आहे."

"एक साल, मालक. एकच साल चुकलं."

"मला सगळ्यांनाच एक नियम लावावा लागतो."

भावजी हात जोडून उभे होते, धाप लागलेली. बाय मात्र ताठ झाली. "जमीन तुमची, आमी नाय म्हनत नाय. पर माती? माती तुमची नव्हती. ती मी ह्या डोस्क्यावरनं आनली." आणि तिने पदर मागे घेऊन मालकाला आपली टाळू दाखवली. मालक ओशाळला. माणसं हसून वेळ मारून नेतात तसा तो हसला. "मग माती घेऊन जा, बाई. मी अडवत नाही," म्हणाला आणि छत्री टेकत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उन्हं आल्यावर मी शेताकडे गेले तर बाय कुदळीने शेत खणत होती. टोपली भरायची, डोक्यावर घ्यायची, उतारावरून ओढ्यात जाऊन रिकामी करायची, पुन्हा वर यायची. भावजी बांधावर बसून होते. अडवत नव्हते, मदत करत नव्हते. गावातली माणसं जमली. कुणी हसलं नाही. मी तिचा हात धरला तर तिने झटकून टाकला. "त्यानं सांगितलं घिऊन जा म्हनून. ऐकलंस न्हवं तू?" तिचे डोळे माझे ओळखीचे नव्हते. मी घाबरले. घरी जाऊन देवापुढे बसले आणि देवाला नको ते बोलले.

दुपार कलली तेव्हा परत गेले. बाय खणायची थांबली होती. इतकं खणून शेताच्या कडेला, बांधाला लागून, माणूस आडवा होईल एवढा एक खड्डा झाला होता. बाकीचं शेत होतं तसंच होतं, काळं, पसरलेलं. जन्माची माती एका दिवसात कुठे निघते? ती त्या खड्ड्याकडे बघत होती. मला वाटलं आता ती हंबरडा फोडेल. तिने बांधाच्या दगडावर हात ठेवून बघितला.

"पोरी, ह्यो खड्डा राहायला नको," म्हणाली. "पाऊस आला की पानी हितंच शिरेल. बांध फुटेल. मग समदी माती जाईल ओढ्याला."

"जाऊ दे बाय. आपली आहे का आता?"

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टोपली उचलली. मग आम्ही दोघी ओढ्यात उतरलो. सकाळी टाकलेली माती तिने पुन्हा टोपलीत भरली. मी उचलू लागले. एक टोपली ती, एक मी, अंधार पडायच्या आत खड्डा भरला. शेवटची टोपली ओतून तिने पायाने माती दाबली, बांधाचा निखळलेला दगड नीट बसवला. त्या शेतात तिने केलेलं शेवटचं काम हे, आणि ते दुसऱ्याच्या शेतात केलं.

पुढे घर मोडलं. यजमान मला भिवपुरीला नेणार होते. भावजी आणि बाय लेकीकडे शेलूला जायला निघाले. जावयाने गाडी पाठवली होती. सामान म्हणावं असं काही नव्हतं. टोपली मी गाडीत ठेवली, बायने ती काढून माझ्या हातात दिली. "मला आता कशाला?" म्हणाली. वाट शेताच्या कडेनेच जाते, तिथवर मी गाडीमागून चालत गेले. शेताशी आलो तेव्हा गाडी थांबली आणि बैलांनी भर रस्त्यात शेण टाकलं, गरम, वाफाळलेलं. मी बायकडे बघितलं. तिनेही ते बघितलं. मग तिने मान वळवली आणि दुसरीकडे डोंगराकडे बघत राहिली. गाडीवानाने बैल हाकले. तिच्या सगळ्या आयुष्यात मी तिला शेण न उचलता पुढे जाताना पाहिलं ते एवढंच, आणि तेच मला सोसवलं नाही.

गाडी वळणाआड गेली. मी पदर खोचला, वाकले, दोन्ही हातांनी ते शेण उचललं आणि बांधावरून आत, शेतात टाकलं. शेत आमचं नव्हतं. मी रडत होते आणि हात तसेच होते, त्यामुळे डोळे पुसता येईनात.